शेंगदाण्यातले तेल जाते कुठे?



भुईमूग आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. दाणे भाजून खातो, कूट भाजीत घालतो, घाण्यावर तेल काढतो आणि उरलेली ढेप गुरांना घालतो. पण दाण्यातले तेल मुळात आपल्यासाठी नसतेच बरं का! ते दाण्याच्या पोटात झोपलेल्या इवल्याशा रोपासाठी असते. रोप मातीतून वर येताना ते तेल कसे वापरते आणि ते तेल आधीच खराब झाले तर काय होते, हे मी या लेखात सांगणार आहे. आमच्या सातवीच्या वर्गाने विज्ञानाच्या तासाला याचे दोन प्रयोग केले. बाकीची माहिती गुरुजींनी समजावून दिली. मृगाच्या पेरणीला अजून अवकाश आहे, म्हणून पालकांनी शेवटचा भाग अवश्य वाचावा.

शिदोरी कोणाची कशी?

भुईमूग हा मूग, उडीद, तूर, हरभरा आणि सोयाबीन यांचाच भाऊबंद आहे. सगळ्यांना शेंगा येतात. सगळ्यांच्या मुळांवर गाठी असतात. दाण्याची लाल साल काढून दाणा हलकेच उघडला की दोन दळे वेगळी होतात आणि टोकाशी बारीक नाकासारखा अंकुर दिसतो. हा अंकुर म्हणजे उद्याचे झाड. दोन दळे म्हणजे त्याची शिदोरी.

पण प्रत्येकाची शिदोरी सारखी नसते. १०० ग्रॅम दाण्यात तेल साधारण किती असते ते पाहा.

मूग: १ ग्रॅमच्या आसपास
तूर: दीड ग्रॅमच्या आसपास
हरभरा: ५ ग्रॅमच्या आसपास
सोयाबीन: २० ग्रॅमच्या आसपास
भुईमूग: ४५ ते ५० ग्रॅम

मूग, तूर आणि हरभरा यांनी आपली शिदोरी मुख्यतः पिठाच्या म्हणजे स्टार्चच्या रूपात बांधलेली असते. भुईमुगाने ती तेलाच्या रूपात बांधली. त्यात भुईमुगाचा फायदा कोणता? १ ग्रॅम पिठातून सुमारे ४ किलोकॅलरी शक्ती मिळते, तर १ ग्रॅम तेलातून सुमारे ९. म्हणजे तेवढ्याच जागेत दुपटीहून जास्त शक्ती मावते. लांबच्या गावाला जायचे असले तर आई डब्यात पातळ वरण देत नाही, लाडू बांधून देते. तसेच हे आहे.

एक सोपे गणित करू. एक दाणा ०.४ ग्रॅम वजनाचा धरला, तर त्यात जवळजवळ ०.२ ग्रॅम तेल असते. ०.२ गुणिले ९ म्हणजे १.८ किलोकॅलरी. एवढ्याशा शक्तीवर रोपाला मूळ खाली न्यायचे असते, माती फोडायची असते आणि पहिली हिरवी पाने उघडायची असतात. पाने हिरवी झाली की रोप उन्हात स्वतःचे अन्न स्वतः तयार करते. तोपर्यंत त्याला दुसरा आधार नाही.

प्रयोग पहिला: दाण्यातले तेल कमी होते का?

साहित्य: भुईमुगाचे चांगले दाणे, मुगाचे दाणे, माती भरलेले जुने डबे, वहीचा कोरा कागद, बत्ता.

कृती: भुईमुगाचा एक कोरडा दाणा कागदावर ठेवून बत्त्याने ठेचला. बाकीचे दाणे डब्यातल्या मातीत बोटाच्या दोन पेरांइतके खोल पेरले आणि रोज बेताचे पाणी घातले. दर तीन दिवसांनी एक रोप उपटले. त्याची दळे काढून, धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवली आणि कागदावर ठेचली. वाळवणे फार जरुरीचे आहे. ओल्या दळांचा डाग पाण्याचा की तेलाचा हे नाहीतर समजत नाही. पाण्याचा डाग वाळून जातो, तेलाचा राहतो.

निरीक्षण: कोरड्या दाण्याचा डाग मोठा पडला. कागद खिडकीसमोर धरला तर डागातून उजेड आरपार दिसला. तिसऱ्या दिवशी मूळ फुटले होते, पण डाग जवळपास तेवढाच होता. सहाव्या दिवशी कोंब वर आला होता आणि डाग थोडा लहान वाटला. नवव्या आणि बाराव्या दिवशी तो आणखी लहान झाला. पंधराव्या दिवशी दळे सुरकुतून चामड्यासारखी झाली होती आणि त्यांचा डाग अगदी थोडा पडला. तोवर रोपावर चार-चार पानांची हिरवी पर्णे उघडली होती. मुगाच्या दाण्याचा तेलकट डाग पहिल्यापासूनच दिसला नाही.

अनुमान: रोप वाढते तसे दळांतले तेल कमी होत जाते. मात्र ते पहिल्याच दिवसापासून भराभर संपत नाही. मूळ फुटेपर्यंत दाणा आपल्यातली थोडी तयार साखर वापरतो. तेलाच्या कोठाराला हात लागतो तो त्यानंतर.

तेलाची साखर कशी होते?

आता मुख्य प्रश्न. दळांतले तेल मुळापर्यंत आणि कोंबापर्यंत पोचते कसे? तेल तर पाण्यात विरघळत नाही. झाडाच्या अंगातून अन्न वाहते ते पाण्यात विरघळलेल्या साखरेच्या रूपात. म्हणून आधी तेलाची साखर व्हावी लागते.

दाण्याच्या पेशीत तेल मोकळे सांडलेले नसते. त्याचे अगदी बारीक थेंब असतात. एक थेंब साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण असते आणि त्यात ओलिओसिन नावाची प्रथिने टोचून बसलेली असतात. त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. घाण्यात दाणा भरडला की पेशी फुटतात, आवरणे फाटतात आणि आपल्याला धार दिसते.

दाणा पाणी पितो, फुगतो आणि जागा होतो. मग पुढील कामे क्रमाने होतात.

१. लायपेज नावाचे विकर तयार होते. विकर म्हणजे पेशीतले काम चटकन घडवून आणणारे प्रथिन. लायपेज तेलाच्या कणाचे तुकडे करते. एका कणातून तीन मेदाम्ले आणि एक ग्लिसरॉल मिळते.

२. मेदाम्ले पेशीतल्या ग्लायऑक्सिझोम नावाच्या छोट्या कोठडीत जातात. तेथे त्यांच्या लांब साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात.

३. हे तुकडे एका चक्रातून फिरून पुन्हा जोडले जातात. या चक्राला ग्लायऑक्सिलेट चक्र म्हणतात.

४. शेवटी त्यातून साखर तयार होते. ही साखर दळांतून निघून मुळाकडे आणि कोंबाकडे जाते.

हे कोडे शास्त्रज्ञांना एका दिवसात सुटलेले नाही. तेलबी रुजताना तेल कमी होते आणि पिष्ट दिसू लागते, हे जर्मनीतील युलियस झाक्स यांनी १८५९ साली दाखवले. पण तेलाची साखर नेमकी कोणत्या वाटेने होते हे कळायला जवळजवळ शंभर वर्षे गेली. १९५७ साली हान्स कोर्नबर्ग आणि हॅरी बीव्हर्स यांनी रुजत्या एरंडीच्या बियांत ग्लायऑक्सिलेट चक्र दाखवले. पुढे १९६७ साली ब्रायडनबाख आणि बीव्हर्स यांनी त्या कोठड्या वेगळ्या काढून ग्लायऑक्सिझोमची ओळख पटवली. एरंडी कडधान्यात येत नाही, पण तीही तेलबी असल्याने तिच्यातली वाट भुईमुगालाही लागू पडते.

यात एक गंमत आहे. आपण माणसे जेवणातल्या जास्तीच्या साखरेची चरबी करू शकतो, पण मेदाम्लांची पुन्हा साखर करणे आपल्याला जमत नाही. आपल्या शरीरात हे चक्रच नाही. जे आपल्याला जमत नाही ते मातीतला एवढासा दाणा करतो!

जुने जाते, नवे येते

मला आधी वाटले, रोपात शेवटी स्निग्ध पदार्थ राहतच नसतील. गुरुजी म्हणाले, तसे नव्हे. साठवणीचे तेल जाते, पण कामाचे स्निग्ध पदार्थ नवे तयार होतात.

प्रत्येक पेशीभोवती पातळ पटल असते आणि ते मुख्यतः फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचे असते. रोप वाढते म्हणजे पेशी वाढतात. पेशी वाढल्या की नवी पटले लागतात. म्हणून वाढत्या मुळात आणि कोंबात फॉस्फोलिपिड वाढत जातात. पाने हिरवी होताना आणखी एक बदल होतो. हरितद्रव्य ज्या पटलांवर बसते त्यांत साखर जोडलेली स्निग्ध द्रव्ये असतात. त्यांना गॅलॅक्टोलिपिड म्हणतात. त्यांत लिनोलेनिक नावाचे मेदाम्ल भरपूर असते. हे मेदाम्ल शेंगदाण्याच्या तेलात जवळजवळ नसते. म्हणजे रोप जुन्या धान्यावर नुसते जगत नाही, नव्या घराचे सामानही नव्याने घडवते.

मुगात तेल नावापुरते असले तरी त्याच्या पेशींनाही पटले लागतातच. म्हणून मोड आलेल्या मुगातही हे बदल होतात.

प्रयोग दुसरा: फोडलेले बियाणे आणि शेंगेतले बियाणे

एकाच शेतातल्या, खरिपात काढलेल्या शेंगा घेतल्या. एका घरी संक्रांतीला काही शेंगा फोडून दाणे डब्यात ठेवलेले होते. त्यातले २० दाणे घेतले. बाकी शेंगा पोत्यात तशाच होत्या. त्या मार्चमध्ये त्याच दिवशी हाताने फोडून २० दाणे घेतले. दोन्ही ढीग वेगवेगळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले.

दहा दिवसांनी मोजले. शेंगेतून ताजे काढलेले २० पैकी १८ रुजले. डब्यातले २० पैकी ११ रुजले, आणि त्यांतही काहींचे मूळ आखूड होते. न रुजलेल्या दाण्यांवर बुरशी आली होती.

असे का झाले? डब्यातल्या दाण्याचा वास घेतला तर थोडा खवट येत होता. शेंगदाण्याच्या तेलात मुख्यतः ओलिक आणि लिनोलेइक ही मेदाम्ले असतात. लिनोलेइकला हवेतला ऑक्सिजन लवकर लागतो आणि ते बिघडते. टरफल असेपर्यंत दाण्याला आडोसा असतो. टरफल गेले, साल खरचटली, ऊन आणि दमटपणा लागला की बिघाड वाढतो. नुसते साठवणीचे तेलच नाही, पेशीची पटलेही बिघडतात. असा दाणा भिजवला की पटले गळतात, आतली साखर आणि क्षार बाहेर पाण्यात येतात आणि बुरशीला आयते खाद्य मिळते. खाण्याचा दाणा थोडा खवट झाला तर आपण तोंड वाकडे करतो. बियाण्याचा दाणा खवट झाला तर शेतात तूट पडते.

आमची आजी शाळेत गेलेली नाही. ती म्हणते, "बियानं शेंगातच ठेवा, फोडलं की नासलं." आता तिच्या बोलण्याचे कारण कळले.

शेतात याचा उपयोग काय?

पहूर वाघूर नदीकाठी वसलेले. आपल्याकडे काळी जमीन जास्त आणि कपाशी जास्त, तरी भुईमूग घेणारी घरे आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे तेलबिया संशोधन केंद्र आपल्या जळगावलाच आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रसारित झालेला 'फुले प्रगती' हा भुईमुगाचा वाण तेथलाच. त्याचे दुसरे नाव जे.एल. २४. त्यातले जे.एल. म्हणजे जळगाव. हा वाण पुढे आफ्रिकेतल्या मालावी देशातही 'काकोमा' या नावाने गेला. आपल्या जिल्ह्याचे नाव एवढ्या लांब गेले, तर त्याचे बियाणे नीट सांभाळणे आपल्याला जमले पाहिजे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

एक, बियाण्याच्या शेंगा आताच फोडू नयेत. पेरणी आठवड्यावर आली की फोडाव्यात, आणि शक्यतो हाताने. यंत्रात दाण्याचे नाक तुटते, साल निघते, दळे सुटी होतात. नाक तुटलेल्या दाण्यात तेल कितीही असले तरी ते खाणाराच उरत नाही. शेंगा चांगल्या वाळवून कोरड्या, हवेशीर जागी ठेवाव्यात. उन्हाळी भुईमुगाचे बियाणे धरायचे असेल तर ते कडक उन्हात न तापवता सावलीत वाळवावे.

दोन, पेरणी वाफशावर करावी. याचेही कारण तेलातच आहे. साखरेच्या कणात ६ कार्बनमागे ६ ऑक्सिजन असतात. ओलिक आम्लात १८ कार्बनमागे ऑक्सिजन फक्त २. म्हणून तेल वापरायला बाहेरचा ऑक्सिजन जास्त लागतो. १८ कार्बन जाळायला साखरेच्या वाटेने ऑक्सिजनचे १८ रेणू पुरतात, तर ओलिक आम्लाला साडेपंचवीस लागतात. काळ्या जमिनीत पाणी साचले की मातीतली हवा निघून जाते. दाण्याजवळ शिदोरी असते, पण ती उघडायला हवा नसते. दाणा गुदमरतो आणि कुजतो. फार खोल पेरल्यावरही तेच. भुईमूग साधारण ५ सेंटिमीटर खोल पेरावा.

तीन, काढणी वेळेवर करावी. फुले प्रगतीसारख्या उपट्या वाणांच्या दाण्याला सुप्तावस्था नसते, म्हणजे पिकल्यावर तो झोपून राहत नाही. काढणीला उशीर झाला आणि पाऊस आला की शेंगा जमिनीतच रुजतात. रुजलेल्या दाण्यात लायपेजने तेल फोडायला सुरुवात केलेली असते. मोकळी मेदाम्ले वाढतात, तेलाची चव बिघडते आणि उताराही घटतो. म्हणून रुजलेल्या मालाला भाव कमी मिळतो. वर्षभराची मेहनत आठ दिवसांच्या पावसात जाते.

चार, पेरणीपूर्वी उगवण तपासावी. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवावे आणि दहाव्या दिवशी चांगले रुजलेले मोजावे. प्रमाणित बियाण्यासाठी भुईमुगाची आणि सोयाबीनची उगवण कमीत कमी ७० टक्के असावी लागते, मुगाची ७५ टक्के. आपले घरचे बियाणे त्याहून कमी भरले तर दाणे जास्त टाकावे लागतील किंवा दुसरे बियाणे पाहावे लागेल. हे पेरणीआधी कळले तर पैसा वाचतो. पेरणीनंतर कळले तर पाऊसही निघून जातो आणि बियाणेही. या कामाला खर्च काहीच नाही. आपण मुले हे घरी सहज करू शकतो.

पाच, हे खास माझ्या मित्रमैत्रिणींसाठी. थायरमसारखे औषध चोळलेले बियाणे कधीही तोंडात टाकू नका. पेरताना खिशात दाणे घालून खायची आपल्याला सवय असते. ते विष आहे. बुरशी आलेले, काळे-हिरवे पडलेले दाणेही खाऊ नका आणि गुराढोरांना, कोंबड्यांना घालू नका. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरसलेल्या भुईमुगाच्या ढेपेमुळे एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. त्यावरून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. ते भाजल्याने किंवा उकळल्याने पूर्णपणे जात नाही.

लक्षात ठेवा

दाण्यातले तेल ही रोपाची शिदोरी आहे.
रुजताना तेलाची मेदाम्ले होतात आणि मेदाम्लांची साखर होते.
साठवणीचे तेल कमी होते, पेशीपटलांचे स्निग्ध पदार्थ वाढतात.
तेल वापरायला हवा जास्त लागते.
टरफल हे बियाण्याचे घर आहे. ते पेरणीच्या वेळीच मोडावे.

सांगा पाहू

१. मुगाच्या मोडांची शिदोरी तेलाची की पिठाची?
२. रुजलेल्या शेंगांचे तेल का बिघडते?
३. साचलेल्या पाण्यात भुईमूग का उगवत नाही?
४. तुमच्या घरच्या १०० दाण्यांपैकी किती रुजले?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे या लेखातच आहेत. चौथ्याचे उत्तर घरून मोजून आणा. भित्तिपत्रकाखाली कोरा कागद लावला आहे. त्यावर आकडा आणि बियाणे कधी फोडले होते ते लिहा. सगळ्यांचे आकडे जमले की गावात कोणाचे बियाणे पेरण्याजोगे आहे ते मृगाच्या आधीच कळेल.

इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी